पिवळी डबी, सोनेरी डबी

"सोनेरी घे," नवरा म्हणाला.

"नको. पिवळी."

"अगं, पैशांचा विचार करू नकोस."

किल्लीवालीनं हातातली कानस खाली ठेवली. सकाळपासून हेच चाललं होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की नवरा कुलपात तेल सोडता सोडता मान वर करायचा आणि जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचा, "सोनेरी घे."

"पैशांचा विचार मी करतच नाहीये," ती म्हणाली. "माझ्या रायफलीला पिवळी आवडते."

"रायफलीला आवडते!" नवरा हसला. "तुला आवडते म्हण की. स्वस्त दिसलं की तुला आवडतंच."

तिनं कानस उचलली आणि समोरच्या किल्लीचा दात जरा जास्तच घासला. ती किल्ली वाया गेली.

दुकान सासऱ्यांचं. नवरा लोकांच्या घरी जाऊन कुलपं उघडायचा, बसवायचा, आणि ही दुकानात बसून किल्ल्या कापायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कानस कशी धरतात तेही माहीत नव्हतं. सासऱ्यांनी शिकवलं आणि महिनाभरात सांगून टाकलं, "हात पोरीचा स्थिर आहे." गल्लीत सगळे तिला किल्लीवाली म्हणू लागले, आणि पुढे पुढे घरातही तेच नाव पडलं.

नेमबाजी तिच्या आयुष्यात आली तीही कुलपामुळेच. रायफल क्लबच्या काडतुसांच्या कपाटाची किल्ली हरवली होती. नवरा तापानं पडलेला, म्हणून ही गेली. कुलूप उघडलं, नवी किल्ली कापून दिली. तिथल्या काडतुसांच्या कोठीवर बसणारे काका, ज्यांना सगळे कोठीवाले म्हणायचे, खूश होऊन म्हणाले, "आलीच आहेस तर दोन गोळ्या झाडून बघ." तिनं बघितल्या. मग पुढच्या रविवारी गेली. मग दर रविवारी. दुपारी दोन तास पालथं पडून, श्वास धरून, पन्नास मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. त्या दोन तासांत कुणी हाक मारत नाही, कुणाला काही द्यायचं नसतं. तिला देवळात बसल्यासारखं वाटायचं. हे ती कुणाला सांगत नसे. लोकांना उगाच हसू येतं.

आता तिच्याकडे स्वतःची रायफल होती. बोल्ट-ॲक्शन, जुनी, कुणीतरी वापरून विकलेली. बोल्ट मागे ओढायचा, एक काडतूस ठेवायचं, बोल्ट पुढे सारून खाली दाबायचा, आणि मग सगळं आपल्या बोटावर. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या बायकांच्या संघात तिची जागा थोडक्यात हुकली होती. या वर्षी संघातल्या तिघी ठरलेल्याच होत्या. चौथ्या जागेसाठी निवड चाचणी होती. ती जागा तिला हवी होती. नुसती हवी नाही, तर रात्री डोळ्यांसमोर यायची इतकी हवी होती. आणि हेही ती कुणाला सांगत नसे.

मागच्या वर्षी तिनं दुकानदार देईल ती काडतुसं घेतली होती. या वर्षी ती नीट मागे लागली. कारखान्यात बनलेली काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात, पण प्रत्येक रायफलीच्या नळीचं स्वतःचं असं काहीतरी असतं. एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही. त्यामुळे आणून, झाडून बघण्याला पर्याय नाही. तिनं चार प्रकारच्या डब्या आणल्या: लाल, निळी, सोनेरी, पिवळी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे हाताचा दोष मध्ये येत नाही. डबी बदलली की पहिल्या काही गोळ्या नुसत्या सोडून द्यायच्या, नळीला नव्या काडतुसाची सवय व्हावी म्हणून. मग पाच-पाच गोळ्या एकेका कागदावर.

सोनेरी डबी बघण्यासारखी होती. आत स्पंज, स्पंजात एकेक भोक, भोकात एकेक काडतूस, दागिन्यासारखं. तिच्या पाच गोळ्यांची भोकं बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत पसरली. पिवळी डबी म्हणजे साधा पुठ्ठा, आत सुटी काडतुसं खुळखुळणारी. तिच्या पाचही गोळ्या शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत गेल्या. तिला खरं वाटेना, म्हणून पुढच्या रविवारी परत करून बघितलं. पुन्हा बटण.

त्या दिवशी ती घरी अक्षरशः गाणं गुणगुणत आली. दुकानदाराकडे त्याच खेपेच्या जितक्या पिवळ्या डब्या होत्या तितक्या उचलल्या आणि कोठीवाल्या काकांच्या कपाटात आपल्या नावानं ठेवल्या. प्रश्न मिटला होता. निदान तिचा तरी.

जेवताना तिनं दोन्ही कागद ताटाशेजारी ठेवले. "बघा. हे सोनेरीचं, हे पिवळीचं."

नवऱ्यानं बघितलं. "सोनेरीच्या वेळी तुझा हात हलला असेल."

"पिशवीवर टेकवली होती!"

"मग पिशवी हलली असेल."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, ती नाहीच म्हणणार. बाळंतपणात सुद्धा म्हणाली होती, मला साधी खोली चालेल. ही बाई फुटक्या कपात चहा पिते आणि वर सांगते, मला हाच कप आवडतो."

"तो कप वेगळा आणि हे वेगळं," किल्लीवाली म्हणाली.

"काय वेगळं?" नवऱ्यानं विचारलं. "तळाचं करपलेलं कोण घेतं? तू. का? तर म्हणे, खरपूस आवडतं. काडी मोडलेली छत्री कोण वापरतं? तू. का? तर म्हणे, हलकी आहे. आता म्हणतेस पिवळी डबी."

"अहो, आयुष्यभर तुम्ही कुलपं उघडलीत ना? महागातली किल्ली आहे म्हणून कुठलं कुलूप उघडलंय का कधी? बसावी लागते ती!"

"किल्लीचं ठीक आहे," नवरा प्रेमानं म्हणाला. "पण एकदा तरी स्वतःसाठी चांगलं घे गं."

तिनं दोन्ही कागदांची घडी घातली. भिंतीशी बोललं तर निदान भिंत उलट प्रेम करत नाही.

चाचणीच्या सकाळी तिनं देवापुढे हात जोडले. मला जिंकव असं काही मागितलं नाही. फक्त, डोकं शांत ठेव. क्लबवर कोठीवाले काका तिची पिवळी डबी घेऊन स्वतः उठून आले, आणि देताना असे हसले की तिला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं कौतुक दिसतंय. नवरा मागच्या बाकावर येऊन बसला होता. एरवी तो चाचणीला यायचा नाही. आज इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

ती पालथी पडली, रायफलीचा पट्टा दंडावर आवळला. चाचणीच्या गोळ्या मोजल्या जाण्याआधी थोडा वेळ अंदाज घेण्यासाठी असतो. डबीतून काडतूस उचललं. बोटाला जरा ओशट लागलं. उकाड्यानं गोळीवरचं मेण सुटलं असेल, असं तिला वाटलं. देवाचं नाव मनात घेऊन घोडा दाबला. दूरबिणीत बघितलं तर गोळी खाली उजवीकडे. दुसरी वर डावीकडे. तिसरी भलतीकडेच.

पट्टा सैल झाला का? कोपर सरकलं का? तिनं कोपर उचलून पुन्हा टेकवलं. नेम सरकवायची चकती दोन टिचक्या फिरवली, मग एक उलटी, मग पुन्हा दोन. तिनं जे जे केलं त्यानं गोळ्या आणखी पांगल्या. एवढा सराव करूनही वेळेला हातच दगा देणार असेल, तर कशाला हा खटाटोप? तिघी-चौघी जणी शेजारी टपाटप काळ्यात मारत होत्या, आणि हिचा कागद चाळणीसारखा.

पुढचं काडतूस तिनं उचललं आणि सवयीनं उलटं करून बघितलं. किल्ल्या कापणाऱ्या माणसाला प्रत्येक वस्तूवरचा छाप बघायची खोड असते. पिवळीच्या बुडाला एक अक्षर असतं. या बुडाला चांदणी होती.

चांदणी सोनेरीची.

तिनं रायफल रिकामी केली, खाली ठेवली आणि मान वळवून मागे बघितलं. नवरा बाकावर ताठ बसला होता. तिनं बघताच त्यानं दोन्ही अंगठे वर केले. चेहरा असा की जणू त्यानं तिला चंद्र आणून दिलाय आणि तिला आत्ताच कळलंय.

तिनं हात वर केला. पंच आले.

"काय झालं, ताई?"

"माझी काडतुसं बदललीत."

"कुणी?"

"नवऱ्यानं."

पंचांनी मागे बघितलं. नवऱ्यानं त्यांनाही अंगठा दाखवला.

"मुद्दाम?" पंचांनी आवाज खाली आणून विचारलं. "भांडण-बिंडण आहे का?"

"नाही हो," किल्लीवाली दातओठ खात म्हणाली. "प्रेम आहे."

पंच म्हणाले, तुमची स्वतःची कोठीत असतील तर मागवून घ्या, पण वेळ थांबणार नाही. कोठीवाल्या काकांना बोलावलं. ते आले ते पाय ओढत.

"माझ्या पिवळ्या डब्या कुठायत?"

"अगं, तुझे यजमान म्हणाले, गंमत करायची आहे. तिला कळू द्यायचं नाही, पिवळ्या डबीत सोनेरीच घालायची. मग तुझ्या उरल्या, त्या मी नव्या मुलींना सरावाला..."

"काका! सगळ्या?"

"सगळ्या नाही. एक असेल."

"धावा!"

काका या वयात धावू शकत नव्हते, म्हणून नवरा धावला. काय बिनसलं हे त्याला कळलेलं नव्हतं; काहीतरी बिनसलंय एवढंच कळलं होतं. तो घामाघूम होऊन डबी घेऊन परत आला, ती त्यानं पंचांच्या हातात दिली, आणि अंगठे मात्र या वेळी खिशात ठेवले.

अंदाजाचा वेळ संपत आला होता. चकतीच्या टिचक्या किती फिरवल्या आणि किती उलट्या, हे तिनं आठवून आठवून मागे घेतलं. नळीला सवय व्हायला हव्या तेवढ्या गोळ्या सोडता आल्या नाहीत. पहिली फेरी तशीच गेली, धड चांगली नाही, धड वाईट नाही. पण दुसऱ्या फेरीपासून पिवळीनं शब्द पाळला. बटण. पुन्हा बटण. शेवटच्या फेरीत तिला मागचा बाक, काका, चांदणी, काही आठवलं नाही. फक्त काळा ठिपका आणि श्वास.

निकाल लागला. चौथी जागा एका नर्सबाईला मिळाली. किल्लीवालीचं नाव त्याखाली: राखीव. म्हणजे संघाबरोबर जायचं, सामान उचलायचं, आणि चौघींपैकी कुणाला ताप आला तरच रायफल हातात घ्यायची.

घरी जाताना ती झपाझप पुढे चालत होती. नवरा एक पाऊल मागे चालत होता.

"पहिली फेरीच ना?" शेवटी त्यानं विचारलं. "ती नीट गेली असती तर..."

"हो."

"मला वाटलं, तू उगाच मन मारतेयस."

"मी कागद दाखवले होते. दोन कागद. ताटाशेजारी."

"कागद बघितले गं मी. पण मी तुला पण ओळखतो ना." तो थांबला. "तू छत्रीबद्दलही असंच सांगतेस."

ती भडकून काहीतरी बोलणार होती, आणि तोंड उघडून तशीच राहिली. छत्री हलकी नव्हती. कधीच नव्हती. करपलेलं तिला खरपूस लागत नव्हतं. बावीस वर्षं या माणसाला तिनं खोटं सांगितलं होतं, तेही अगदी खऱ्याच्या आवाजात. मग एक दिवस खरं सांगितलं, त्याच आवाजात, आणि अपेक्षा धरली की त्यानं ओळखावं. चूक त्याची होती, यात शंका नव्हती. पण त्याला शिकवलं कोणी? या विचारानं राग कमी व्हायला हवा होता. तो उलट दुप्पट झाला, कारण आता तो दोघांवर होता.

घरी सासूबाईंनी विचारलं, "मिळाली का जागा?"

"राखीव."

"म्हणजे?"

"म्हणजे इतर कुणी आजारी पडलं तर."

"शी! कुणाचं वाईट चिंतू नये," सासूबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "नर्सबाईंना लवकर सर्दी होते, नाही का?"

किल्लीवालीला इतक्या रागातही हसू फुटलं.

नवरा चहा घेऊन आला. तो स्वतः चहा करून आणतो तेव्हा त्याला माफी मागायची असते. तीन कप. तिच्या पुढ्यात नेहमीचा, कान तुटलेला.

"मला निळा द्या," ती म्हणाली.

"निळा आईचा... म्हणजे, निळा चांगला आहे. फुटका नाहीये."

"म्हणूनच."

"खरंच? का उगाच माझ्यावर रागावून..."

"अहो! मला निळा कप आवडतो. पहिल्यापासून आवडतो. आणि रायफलीला पिवळी आवडते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत!"

सासूबाईंनी आपला निळा कप तिच्याकडे सरकवला आणि तिचा फुटका स्वतःकडे ओढला. "घे बाई. आणि त्या सोनेरी गोळ्यांचं काय करणार आता? दुकानदार परत घेत नाही म्हणे."

"सरावाला वापरीन. पुढच्या चाचणीपर्यंत."

"म्हणजे महागातलं रोजच्याला आणि स्वस्तातलं सणासुदीला?" नवरा गोंधळला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, तिला हेच आवडतं."

नवऱ्यानं तिच्याकडे नीट निरखून बघितलं. या वेळचं खरं की कसं, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.