बोटं न उमटलेली टिक्की

सोलापूरकडच्या वाशी गावातल्या उमाबाई तशा खमक्या. गल्ली त्यांना वचकून असायची. त्यांना स्वतःला भीती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे कणकेचा गुळगुळीत गोळा. कणीक मळून झाकायची तर वरून चार बोटं दाबायची, ही सासूची ताकीद. बिनबोटांचा गोळा म्हणजे पिंड. तो दिसला की गेलेलं माणूस आपलं पान वाढलंय असं समजून येतं, बसतं आणि अन्नातला कस ओढून घेतं. मागं राहतो तो नुसता चोथा. उमाबाईंनी चाळीस वर्षं बोटं दाबली आणि कधी का म्हणून विचारलं नाही.

त्यांच्या घरात दोनच माणसं, त्या आणि नात अर्पिता. पोरीची आई बाळंतपणातच गेली. बाप महारुद्र, उमाबाईंचा एकुलता एक मुलगा, तीन वर्षांपूर्वी टीबीनं गेला. सोलापूरच्या दवाखान्यात होता. शेवटी एकच धोशा लावला होता त्यानं, आई, तुझ्या हातचं आण. उमाबाई डबा घेऊन निघाल्या आणि तामलवाडीजवळ जीप पंक्चर झाली. पोचल्या तोवर चादर तोंडावर ओढलेली होती. भरलेला डबा तसाच घरी आला.

आणि मागच्या उन्हाळ्यात अर्पिताला खोकला धरला. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेज सोडून घरी आली. तपासणीत तेच निघालं. वजन छत्तीस किलो. दवाखान्यातल्या राजेश्वरी सिस्टर म्हणाल्या, "औषध एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. आणि पोटात प्रोटीन गेलं पाहिजे. अंडी देता का?"

"आमच्यात अंडं चालत न्हाय, बाई."

"मग डाळी द्या, सोयाबीन द्या. पण वजन वाढलंच पाहिजे."

सांगणं सोपं हो. पोरीच्या तोंडाला चवच नव्हती. उसळ पुढं केली की तोंड फिरवायची, वरणाचा वास आला की उठून जायची. एक दिवस मात्र मोबाइलमधलं चित्र दाखवून म्हणाली, "आजी, असलं बर्गर मिळालं तर खाईन मी."

उमाबाईंनी जन्मात बर्गर पाहिलं नव्हतं. पण घरात सोयाबीन होतं. आमच्याकडची गंमतच आहे, शिवारभर सोयाबीन पिकवायचं, पोती बाजारात घालायची आणि ताटात दाणासुद्धा घ्यायचा नाही. उमाबाईंनी ते रात्रभर भिजवलं, मऊ शिजवलं, हरभऱ्याची डाळ, किसलेलं गाजर आणि शेंगदाण्याचं कूट घालून वाटलं. तळहातावर थापून टिक्क्या केल्या, थोड्या तेलावर तव्यात खरपूस भाजल्या. गोल पावात कांदा-टमाटा, वर घट्ट दह्याची चटणी. अर्पितानं पहिलं बर्गर संपवलं आणि दुसरं मागितलं. उमाबाई चुलीकडं तोंड करून रडल्या.

दोन महिन्यांत पोर चाळीस किलोची झाली. गालावर रंग आला, हसायला लागली. थापून थापून आजीची बोटं दुखतात हे तिनंच पाहिलं आणि मोठ्या हौसेनं मोबाइलवरून एक साचा मागवला. पीठ घालायचं, दाबायचं की टिक्की तयार. एकसारखी, गोल, वरून गुळगुळीत. उमाबाई हरखून गेल्या. सकाळी टिक्क्या पाडायच्या, घट्ट व्हायला ओसरीतल्या ताटात ठेवायच्या, वर पांढरं फडकं टाकायचं आणि दुपारी भाजायच्या. कणकेला लावलेला नियम टिक्कीलाही लागतो, हे कुणाच्या ध्यानात येणार?

पुढच्या तपासणीत वजन साडेअडतीस भरलं. नंतर सदतीस. औषध चालू होतं, तपासण्या बऱ्या येत होत्या. सिस्टर चक्रावल्या. "खाते का नीट?" उमाबाई म्हणाल्या, "दोन-दोन खाती, बाई. माझ्या डोळ्यांदेखत."

घरी येताना अर्पिता हळूच म्हणाली, "आजी, खाते गं मी. पण पोटात काय गेल्यागतच वाटत न्हाय."

उमाबाईंनी ताटातली टिक्की उचलली. हाताला वजनच लागेना. नाकाशी नेली तर ना डाळीचा वास, ना मिरचीचा. दारातल्या कुत्र्यापुढं टाकली. नालीतलं शिळंपाकं खाणारं ते कुत्रं, टिक्की हुंगून मागं सरलं, शेपूट पायात घालून गेलं ते पुन्हा गल्लीत फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या चुलीपाशी होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओसरीतून श्वासाचा आवाज आला. लांब, सावकाश, पोटभर ओढलेला. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथंच थिजल्या.

ताटावरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. ताटापुढं कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. पाठ इकडं, अंगात दवाखान्याचा निळा सदरा, मानेची हाडं वर आलेली. त्याचा हात ताटाला लागत नव्हता. एकेका टिक्कीवर तो नुसता वाकायचा, श्वास ओढायचा, आणि टिक्की फिकी पडायची. ती मान उमाबाईंनी त्याच्या लहानपणी रोज न्हाऊ घातली होती.

ताटात आठ गुळगुळीत गोळे होते. आपण रोज काय वाढून ठेवतोय हे त्यांना तेव्हा कळलं. भीती वाटलीच, पण सांगायला नको अशी गोष्ट सांगतो, भीतीहून जास्त त्यांना बरं वाटलं. पोर जेवत होतं. तीन वर्षांनी त्याच्या पोटात आईच्या हातचं जात होतं. त्या भिंतीला टेकून बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी त्याला जेवू दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी काटा छत्तीसच्या खाली गेला. सिस्टरनी अर्पिताच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. तो हात पाहून उमाबाईंच्या काळजात चर्र झालं.

घरी येऊन त्यांनी टिक्क्या पाडल्या, ताट ओसरीत ठेवलं आणि ताटाशीच बसून राहिल्या. सावली उंबऱ्याला लागली तसा तो समोर येऊन बसला. मान खाली. आत अर्पिता खोकत होती.

जेवत्या माणसाला पानावरून उठवण्याइतकं पाप नाही, असं मानणारी ही बाई. दारी आलेल्या भिकाऱ्यालाही तिनं कधी घाई केली नव्हती.

"रुद्रा," त्या म्हणाल्या, "तुज्या लेकीचं हाय रं हे."

तो हलला नाही. उमाबाईंनी पहिल्या टिक्कीवर चार बोटं दाबली. मग दुसरीवर. अशा एकेक करून दाबत गेल्या. तो उठला आणि दर टिक्कीला पाऊल-पाऊल मागं सरत गेला. सातवी झाली तेव्हा तो अंगणाच्या कडेला उभा होता, आणि तरीही ताटाकडंच बघत होता.

आठव्या टिक्कीवर उमाबाईंची बोटं टेकली आणि तशीच थांबली. ही त्यांच्या स्वतःच्या वाट्याची होती. त्यांनी हात काढून घेतला.

"ये," त्या म्हणाल्या, "ही माजी हाय. माज्यातलं खा."

आता अर्पिता त्रेचाळीस किलोची आहे. औषध संपलं, कॉलेज पुन्हा सुरू झालं. सुट्टीत घरी आली की दोन बर्गर सहज संपवते आणि आजीला ओरडते. आजीचं पोलकं अंगावर लोंबायला लागलंय, गालफडं बसलीत. "तू पण नीट खा की गं."

"खाती की, रोज खाती," उमाबाई म्हणतात. त्यांचं ताट पुढ्यात असतं, पण पहिला घास त्या लगेच घेत नाहीत. समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघत, त्याचं होईपर्यंत थांबतात.