मामा आबाचं पुढचं पान

भाव सांगितला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, शेजारचं दुकान स्वस्त असल्याचं सांगतं, नाहीतर जायला उठतं. या तिन्हींवर माझ्याकडे उत्तरं तयार असतात. मामा आबा यातलं काहीच करायची नाही. स्टुलावर ऐसपैस बसायची, पर्स मांडीवर घ्यायची आणि मी भाव सांगितला की शांतपणे म्हणायची, "आगे?"

आगे काय? भाव सांगून झाला होता. पण ती अशा उत्सुकतेने बघत राहायची, जणू मी गोष्ट अर्धीच सांगितली आहे. मग मीच कापडाची महागाई सांगायची, कारागिरांचं सांगायची, आणि बोलता बोलता माझ्याच तोंडाने भाव खाली आणायची. अजमानच्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसून सुरुवात केलेली बाई मी. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, गॅरेजच्या रांगेत, स्वतःचं शिलाईचं दुकान काढलं ते कुणापुढे न वाकता. आणि या बाईने मला एका शब्दात लोळवावं? ती गेली की मी अर्धा तास कात्री आपटत असे.

ती घानाच्या किनाऱ्यावरची. पेशाने केशभूषा करणारी आणि त्यांच्या चर्चमधल्या गाणाऱ्या बायांची पुढारीण. आबा हे तिचं नाव, तिकडे गुरुवारी जन्मलेल्या मुलीला ठेवतात ते. मामा म्हणजे आई. "आज मामा आबा येणार आहेत," असं मी सांगायची, तेव्हा माझ्या नवऱ्याला कितीतरी दिवस वाटत होतं की कोणी दोन म्हातारे येतात. बाजारात शिकलेली हिंदी ती अशी ठणकावून बोलायची की रस्त्यापलीकडचे मेकॅनिक हातातला पाना थांबवून ऐकायचे. दरवर्षी कॉयरचे, म्हणजे त्या गाणाऱ्या बायांचे, नवे झगे माझ्याकडूनच शिवून घ्यायची. "तू गुस्सा बहुत करती है, सिस्टर," ती म्हणायची. "लेकिन तेरा शिलाई नहीं फटता."

एका वर्षी झग्यांचा खर्च त्यांच्याच चर्चमधल्या ब्रदर सायमनने उचलला होता. हा आपल्याकडचाच इंडियन. सफाईची कंपनी, मोठी गाडी, काखेत चेनच्या कव्हरातलं बायबल. माझं त्याच्याशी जुनं वाकडं होतं. त्याने त्याच्या कामगारांचे युनिफॉर्म मला सांगितले, मी कापड कापलं, आणि मग काम भलत्यालाच दिलं. विचारलं तर वर बघून म्हणाला, "देवाची इच्छा, सिस्टर." देवाने माझं कोटेशन कधी वाचलं, हे मला अजून कळलेलं नाही.

याच सायमनच्या घरी एफुआ नावाची बाई त्याच्या आईला सांभाळायची. कॉयरमधला सगळ्यात गोड आवाज तिचा. करार संपला होता, गावी आजीपाशी ठेवलेली लेक वाट बघत होती, पण पासपोर्ट सायमनच्या कपाटात. ईस्टरनंतर जा, मग उन्हाळ्यानंतर जा, असं चाललं होतं. शेवटी एफुआ निघाली आणि मामाच्या खोलीवर येऊन राहिली. लगेचच्या प्रार्थनासभेत सायमनने हागारची गोष्ट वाचली. हागार म्हणजे बायबलमधल्या अब्राहामच्या घरातली इजिप्तची दासी. मालकिणीचा जाच सोसेना म्हणून ती रानात पळाली, तर देवदूत तिला म्हणाला, परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. एवढं वाचून सायमनने पुस्तक मिटलं आणि एफुआकडे बघितलं.

मामाला राग आला तो याचा नाही. राग आला तो एफुआला ते पटलं याचा.

"देवाचं वचन आहे," मामाबरोबर झगा घालून बघायला आलेली एफुआ माझ्या दुकानात रडत होती. "कसं मोडू? उद्या मी परत जाते."

तेवढ्यात ब्रदर सायमन स्वतः आला. खर्च त्याचा, म्हणून त्याला कॉयरपुढे उभं राहायला सोनेरी काठाचा झगा हवा होता. मी त्याला आरशासमोर उभं केलं, कच्चा झगा अंगावर चढवला आणि टाचण्या लावायला घेतल्या. सगळ्या शिंप्यांना ठाऊक असतं की टाचण्या लावलेलं गिऱ्हाईक म्हणजे खुंटीला बांधलेली शेळी. हात वर करता येत नाही, खाली बसता येत नाही. मी काखेपासून घोट्यापर्यंत सढळ हाताने लावल्या.

"एफुआ, आई तुझी वाट बघतेय," सायमन आरशातूनच गोड आवाजात म्हणाला. "देवाने काय सांगितलंय, ऐकलंस ना?"

"आगे?" मामा स्टुलावरून म्हणाली.

"आगे काय? परत जा, सांगितलं. खलास."

"आगे, ब्रदर?"

मामाने पर्स खाली ठेवली. ती पर्स खाली ठेवते तेव्हा लांबचं काम असतं, हे मला माहीत होतं.

"माझ्या गावात समुद्रावर एक किल्ला आहे," ती म्हणाली. "खाली कोठड्या. त्यात गोरे आमची माणसं कोंबायचे, गुलाम म्हणून न्यायला जहाज येईपर्यंत. आणि कोठड्यांच्या वर काय होतं, सिस्टर? चर्च! वर भजन, खाली बेड्या. वरच्यांनाही वचनं पाठ होती. दासांनो, आज्ञा पाळा. हागार, परत जा. आणि सगळ्यात लाडकं पुरातून वाचलेल्या नोहाचं. नोहा दारू प्यायला, तंबूत उघडा पडला, मुलाने बघितलं. शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला. कोणाला? मुलाला पण नाही, नातवाला! त्यात काळ्या रंगाचा एक शब्द नाही. तरी गोरे म्हणाले, तो शाप तुम्हालाच. दारू त्याची, शाप नातवाला, बेड्या आमच्या पायात!" मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "नोहा शारजात राहत असता तर हे काहीच झालं नसतं. इथे बाटली कुठे मिळते?"

मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या. हसताना गिळल्याच असत्या.

"तो काळ वेगळा होता, मामा," सायमन म्हणाला.

"पुस्तक तेच आहे. त्या लोकांनी गुलामांसाठी वेगळं बायबल छापलं होतं, गुलामांच्या सुटकेची गोष्ट कापून. तुला कापायची पण गरज नाही. तू फक्त वेळेवर मिटतोस." तिने सायमनचं पुस्तक टेबलावरून उचललं, चेन उघडली, पानं उलटली आणि एफुआच्या हातात दिलं. "मी नाही वाचणार. तू वाच. हागार दुसऱ्यांदा रानात जाते तिथून."

एफुआ वाचू लागली. या वेळी अब्राहामनेच हागारला पोरासकट घराबाहेर काढलेलं. पखालीतलं पाणी संपलं. हागारने पोराला झुडपाखाली ठेवलं आणि दूर जाऊन रडली. देवदूताने हाक मारली, ऊठ, पोराला उचल. तिचे डोळे उघडले आणि समोर विहीर दिसली. एफुआने पान उलटलं. परत मागे आली. पुन्हा पुढे गेली.

"परत जा म्हणत नाही?" तिने विचारलं.

"शोध," मामा म्हणाली.

तिने शोधलं. मग डोळे पुसले आणि पुस्तक छातीशी धरलं. "ब्रदर, माझा पासपोर्ट द्या," ती म्हणाली. आवाज कॉयरमधला होता, रडका नव्हता.

सायमन वळायला गेला आणि "आई गं" ओरडला.

"हलू नका, ब्रदर," मी म्हटलं. आता गाठ माझ्याशी होती आणि युनिफॉर्मचं कापड माझ्या डोळ्यांपुढे होतं. "कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. ड्रायव्हरला फोन करा. पासपोर्ट येईपर्यंत मी काठ नीट बघते. सोनेरी आहे, घाईत बिघडेल."

"आणि रविवारी वाचायची पाळी माझी आहे," मामा म्हणाली. "हागारची गोष्ट किती वाचू ते तू सांग. पूर्ण वाचू?"

"हे काय ब्लॅकमेल आहे?" तो म्हणाला.

"आगे?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी फोन त्याच्या कानाशी धरला आणि त्याने ड्रायव्हरला पासपोर्ट आणायला सांगितलं. शारजाचा ट्रॅफिक देवाच्याही हातात नाही, त्यामुळे बराच वेळ तो दोन्ही हात पसरून उभा राहिला. मामा चहा पीत त्याला विचारायची, "बिस्कुट खाएगा, ब्रदर?" पासपोर्ट एफुआच्या हातात पडल्यावरच मी पहिली टाचणी काढली. त्या महिन्यातच ती लेकीकडे गेली. सायमनने तो झगा न्यायला माणूस पाठवला, स्वतः आला नाही.

आमच्या मराठी मंडळात आता कोणी "शास्त्रात लिहिलंय" असं म्हणालं, की मी पर्स मांडीवर घेऊन बसते आणि विचारते, "पुढे?" बहुतेकांना पुढचं पान माहीत नसतं.

मामा आबा मागच्या वर्षी कायमची घरी गेली. गुडघे थकले होते. निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला एक झगा शिवून ठेवला होता, सोनेरी काठाचा. तिने भाव विचारलाच. मी म्हटलं, भेट आहे. तिला ते आवडलं नाही, भाव नसेल तर बोलायचं काय? मग ती उठली, मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "मैं जाती है, सिस्टर. तू गुस्सा कम कर."

"आगे?" मी विचारलं.

मामाने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला पुढचं काही सुचलं नाही.