सहा फुटी पलंग

एकट्याचं दुपारचं जेवण ते काय, जेवणापेक्षा ताट घासायलाच जास्त वेळ लागतो. ते उरकून भालचंद्र मगदूम पलंगावर आपल्या बाजूला आडवे होतात. उशाशी लॅपटॉप उघडाच. त्यावर लेकीच्या पुण्यातल्या फ्लॅटमधली, आता ते राहायला जाणार आहेत ती खोली, त्यांनीच थ्रीडीत उभी केलेली. साखर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. सूतभर इकडचं तिकडे होऊ देणार नाही. कपाट बसलं, टेबल बसलं. गाडं अडलंय ते या सहा फुटी सागवानी पलंगापाशी. दार उघडायला जागा सोडली की उरते साडेतीन फुटांची पट्टी.

"बाबा, एकेरी कॉट घेऊ या ना," केतकी सकाळी म्हणाली होती. "संध्याकाळपर्यंत सांगा, ऑर्डर देते."

शालनला जाऊन आठ महिने झाले. एकेरी म्हणायला मगदुमांची जीभ उचलत नाही. डोळे मिटतात, तरी खोलीच्या रेघा पापणीआड दिसत राहतात.

"कुठनं धरताय ओ त्याला?"

शालन शेजारच्या स्टुलावर बसलीय, चष्मा कपाळावर चढवून. ऑफिस कारखान्यातलंच, पण फरशी या मिरजेच्या घरातली. मगदुमांना त्याचं नवल वाटत नाही.

"माझ्या बाजूच्या कोपऱ्याला," ते म्हणतात. "वस्तू नेमकी हलवायची तर आधी ती कुठे धरायची तो बिंदू ठरवायचा. मग तो कुठे टेकवायचा ते सांगायचं. बाकीची वस्तू आपोआप मागोमाग येते."

"न्या की मग."

कोपरा दाराजवळ टक्कन बसतो. मगदूम पुण्याच्या खोलीत पलंगावर पडलेत आणि शेजारी नवीकोरी पांढरी भिंत आहे. अर्धा पलंग तिच्यातून आरपार गेलाय. कॉम्प्युटरला भिंत थोडीच आडवी येते? ते खोली फिरवून बाहेरून बघतात. चौदाव्या मजल्याच्या उंचीवर, अधांतरी, शालन पाय सोडून बसलीय आणि शेंगा सोलतेय. टरफलं खाली पुण्यावर पडतायत.

"शालन, पडशील!"

"मी कशाला पडतेय आता?"

"थांब, तुझ्या कोपऱ्याला धरतो."

शालन आत येते. आता मगदूम बाहेर. सदऱ्यात वारा भरतो.

"अहो, या आत! तुम्ही पडला तर त्या पोरीनं काय करायचं?"

मग ते पलंग मधोमध धरतात. दोघंही आत, जवळजवळ. एक कड भिंतीत, दुसरी दारात. मगदुमांना इतकं बरं वाटतं की त्यांना रडू येतं. आणि मग बाहेरून केतकी दार ढकलायला लागते.

"बाबा, उघडा की! दार उघडत नाहीये."

इकडे आड, तिकडे विहीर. शालन शेंगांचं ताट खाली ठेवते.

"एकेरी घ्या. हट्ट पुरे झाला."

"मग तू कुठे?"

"आठ महिने तेच शोधत बसलाय. टेबल धरता येतं, पलंग धरता येतो. मला धरायला कोपरा आहे का कुठं?"

दारावर केतकीच्या थापा चालूच.

"पलंगाचा तुझा कोपरा तरी धरू?"

"धरा. पण थोडाच वेळ."

ते धरतात. घट्ट.

फोन वाजतोय. चार वाजलेत. मगदूम पलंगाच्या पलीकडच्या बाजूला आहेत, शालनच्या जागेवर, जिथे ते आठ महिन्यांत एकदाही सरकले नव्हते. उजवा हात तिच्या उशाकडच्या, पलंगाच्या कोपऱ्यातल्या खुंटाभोवती आवळलेला आहे. सोडवतात तेव्हा तळव्यात खुंटावरच्या नक्षीची एक पाकळी लालभडक उमटलेली दिसते. ते चटकन मूठ मिटतात आणि डाव्या हाताने फोन उचलतात.

"बाबा, झोपला होता?"

"हो. केतकी, एकेरीच सांग."

"नक्की ना?"

"नक्की," ते म्हणतात. केतकी गाद्यांचे प्रकार सांगू लागते. ते सगळे ऐकून घेतात, पण उजवी मूठ उघडत नाहीत.