जाळीमागचा सतरा नंबर

डोरीन हृचुकचा आवाज विलो क्रॉसिंग गावात कुणालाही काढता यायचा. सुरुवात नाकातून, मध्ये एक खाकरा आणि शेवटी टोकदार "बाऽऽहेर!" शाळेच्या बसमधली पोरं तो काढायची, आणि सगळ्यांत हुबेहूब काढायचा तिचा नातू कोल्बी. डोरीन पोरांच्या बर्फावरच्या हॉकीची पंच. साठी उलटली तरी बर्फावर अशी गर्रकन वळायची, की जवान खेळाडूंनी बाजूला सरावं.

चिडायला तिला फारसं कारण लागत नसे. पण एक वाक्य ऐकलं की डोकंच फिरायचं: "काही होत नाही त्याला, हेल्मेट आहे की!" आया म्हणायच्या, बाप म्हणायचे, बटाट्याच्या काचऱ्यांवर रस्सा ओतता ओतता टपरीवालीही म्हणायची.

बरं, हेल्मेटला तोंडावर लावायची जाळी गावात आणली डोरीननेच. भावाचा, वॉल्टरचा, डोळा कुणाच्या तरी स्टिकने गेला, तेव्हा जाळी सक्तीची करा म्हणून ती सभासभांतून भांडली होती. त्यानंतर गावात एकही डोळा गेला नाही. पण स्टिका खांद्याच्या वर आल्या, आणि पोरं एकमेकांवर अशी आदळू लागली, जणू त्या जाळीच्या आत कुणी राहतच नाही.

"आमच्या वेळी डोकी उघडी होती, म्हणून सभ्य खेळायचो आम्ही," फायनलच्या दुपारी म्हातारा लॉर्न कॉफी फुरकत म्हणाला.

"सभ्य? मग वॉल्टरचा डोळा काय कावळ्याने नेला?"



बाहेरगावचा पंच हिमवादळात अडकला, म्हणून नातवाच्या फायनलला डोरीनच उभी राहिली. समोर शेजारचं स्टोनी लेक. त्यांच्याकडून खेळत होता एमरी, बसमध्ये रोज कोल्बीच्या शेजारी बसणारा.

बरोबरी चालली होती. एमरी कठड्याकडे तोंड करून तिथे अडकलेला पक, खेळायची रबरी चकती, उकरत होता, पाठ बेसावध. कोल्बी लांबून सुसाट आला. थांबायला जागा होती. डोरीनने ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तो थांबला नाही. एमरीचं हेल्मेट कठड्यावर असं वाजलं, की कॉफीची अख्खी रांग वळली.

शिट्टी. हात वर. "बाऽऽहेर! सामन्यातूनच!"

"आजी, अगं फायनल आहे!"

"इथे मी कुणाची आजीबिजी नाही."

"पण त्याला काय होतंय? हेल्मेट आहे की!"

तेच वाक्य. तिच्याच घरात जेवून मोठं झालेलं.

"कुणाला मारलंस तू?"

"सतरा नंबरला."

"नाव सांग."

कोल्बी जाळी न उचलताच बाहेर निघाला.

"डोरीन, चष्मा घाल!" वर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. "घरचं भांडण घरी कर!" दुसरं. तिने मान वळवली नाही. कोल्बीविना विलो क्रॉसिंग हरलं. एमरी मानेला बर्फ लावून बाकावर बसून राहिला. त्याला पुन्हा उतरू दिलं नाही.

सामना संपला की दोन्ही संघांनी रांगेत हात मिळवायचे. बाहेर काढलेल्याने त्या रांगेत यायचं नसतं. डोरीन सरळ कपडे बदलायच्या खोलीत शिरली. कोल्बी अजून हेल्मेट घालूनच बसला होता. आत रडत होता.

"काढ ते. चल रांगेत."

"सगळे बघतील."

"बघू देत! तोंड कशाला दिलंय देवाने?"

घामाने चिकटलेले केस, लालबुंद नाक. कोल्बी एमरीसमोर उभा राहिला. एमरीच्या कानामागे टरटरून सुजलं होतं.

"दुखतंय?"

"गरगरतंय."

कोल्बीने बाहीने नाक पुसलं.

"बसमध्ये खिडकी माझी," एमरी म्हणाला.

"वर्षभर घे."

डोरीनचा पारा जरा उतरू लागला, तोच वरून आवाज आला, "बघा! ठणठणीत आहे पोरगं. हेल्मेट होतं ना!"

सामना केव्हाच संपला होता. तरी तिने शिट्टी तोंडात घातली, त्या माणसावर बोट रोखलं आणि गाल दुखेपर्यंत फुंकली. पुढचं ओरडायला दमच उरला नाही.

"बाऽऽहेर!"

ओरडला कोल्बी. नाकातून, खाकऱ्यासकट, हुबेहूब.