देवदाराच्या आळ्यात आंघोळ

माझ्या मामेसासऱ्यांइतका पाहुण्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात झाला नाही. अट एवढीच, की पाहुणा मुळांसकट आलेला असावा आणि थंड हवेतला असावा. गोवा मुक्तीनंतर पोस्टात लागलेले मामा निवृत्त झाले आणि डेहराडूनकडे नोकरीला असलेल्या मुलाकडे जाऊन आले. लोक तिकडून शाली आणतात, मामांनी देवदाराचं रोप आणि चिडाचं बी आणलं. चीड म्हणजे तिकडचा पाइन. बीसुद्धा दोन ठिकाणचं: एक उंच, गार कड्यावरचं, दुसरं खालच्या तापलेल्या घळीतलं. पुढे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणा दूरच्या बेटावरचं ख्रिसमस ट्री मिळालं, तेही बसमध्ये स्वतःचं तिकीट असल्यासारखं खिडकीशी बसून मामांच्या गावी, लाटंबार्शाला आलं.

एप्रिलमध्ये लाटंबार्शाचा कातळ तव्यासारखा तापतो. तेव्हा मामा भर दुपारी देवदारावर छत्री धरून उभे राहत. स्वतः उन्हात. मामी पडवीतून म्हणायची, "काजीक कधी सत्री धरल्यात? ती काय सावत्र?" मामा शांतपणे सांगत, "काजू इथलाच. ह्याच्या घराण्यात ऊन कुणी पाहिलेलं नाही."

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात विहीर तळाला गेली. पाऊस लांबला होता. मामांनी जाहीर केलं की न्हाणीत कुणी आंघोळ करायची नाही. प्रत्येकाने एकेका झाडाच्या आळ्यात उभं राहून करायची, आणि साबण बंद. मी नवा जावई म्हणून मला मानाचा देवदार मिळाला. पंचा नेसून मी अंगावर तांब्या ओतत असे आणि मामा बाजूला उभे राहून सांगत, "जावईबापू, जरा डावीकडे सरका. तिकडची मुळं कोरडी राहतात."

कड्यावरच्या बियांतून आलेला चीड तेव्हा ऐन भरात होता. विहीर आटली तरी त्याला नवे कोंब फुटत होते. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत. घळीतल्या चिडाने मात्र वाढणंच सोडलं होतं, जुन्या सुया गाळून तो झिजलेल्या केरसुणीसारखा उभा होता. मामांनी त्याला "आळशी" ठरवलं आणि त्याच्या वाट्याचं पाणी कड्यावरच्याला द्यायला लागले.

मग एका आठवड्यात कड्यावरचा चीड शेंड्यापासून खालपर्यंत तांबडा पडून वाळला. बेटावरचं झाड त्याच्या मागोमाग गेलं. मामांनी पिण्याच्या घागरीतलं पाणी गुपचूप देवदाराला घातलं. मामीने ते पाहिलं. देवदारही राहिला नाही. मामांनी दाढी करणं सोडलं, मासळी सोडली. शेजारी सुतक कुणाचं म्हणून विचारायला आले, तेव्हा मामीने सरळ सांगितलं, "पावण्यांचा."

पाऊस पडला आणि केरसुणीला हिरव्या सुया फुटल्या. मामा कितीतरी वेळ त्या झाडापुढे उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "ह्याने दार लावून घेतलं होतं हो. असलेलं पाणी आत कोंडून गप्प बसला. त्याचे आईबाप उन्हात वाढलेले. मी त्यालाच उपाशी ठेवलं."

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा म्हायार तापल्या कातळाच्या सड्यावरचा. म्हणान तर मी तुमच्याकडे टिकलंय."

मामा यावर हसले नाहीत. उठले आणि तिच्यासाठी विहिरीवरून घागर भरून घेऊन आले. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं मामी सांगते.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. चीड घराच्या कौलांच्या वर गेला आहे. परवा मे महिन्यातच मी मामीकडे पडवीत बसलो होतो. अंगणात आमसुलं वाळत होती. वारा सुटला आणि चिडाच्या सुयांतून सरसर असा आवाज आला, हुबेहूब पाऊस आल्यासारखा. मामी लगबगीने उठली आणि आमसुलं गोळा करू लागली.

"मामी, ढग कुठे आहेत? झाड वाजतंय ते."

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "हे आसताना दरवर्षी फसायचंय. हे खुर्चीतून हसायचे, 'अगो, पाऊस नाय, झाड!' म्हणायचे. मगे मी बसायचंय."

तिने सगळी आमसुलं सुपात भरली, वारा थांबेपर्यंत सूप मांडीवर धरून बसली, आणि मग पुन्हा एकेक करून उन्हात मांडली.