वालूरच्या दुधाची ऊब

सेलूला उतरायचं होतं. डोळे उघडले ते परभणीला. रात्रभर जागून नेमकं स्टेशन येताना झोपायचं कसब माझ्या अंगी उपजत आहे. मग उलट्या दिशेची एसटी, पुढे काळीपिवळी, मांडीवर कुणाचं तरी कांद्याचं पोतं, बाहेर वेचून झालेल्या कापसाची करडी रानं. वालूरला पोचलो तेव्हा थंडीची दुपार कलली होती आणि कंबर माझी राहिली नव्हती.

काम साधं होतं. फ्रीजमागच्या जाळीला हात लावला की चटका बसतो ना, तसंच दूध थंड करणाऱ्या मशीनचं. दुधातून काढलेली उष्णता हवेत वाया जाते. आमच्या कंपनीची टाकी ती पकडून पाणी तापवते. वालूरच्या दूध केंद्रावर अशी टाकी नमुन्यादाखल बसवली होती. ठेवायची की परत धाडायची, हे केंद्र चालवणाऱ्या मंगलताई ठरवणार होत्या.

"एकडाव दूध नासलं म्हणून टँकरवाल्यानं माघारी दिलं," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा नासलं तर गाडी बंद. सारं गाव माझ्या तोंडाकडं बघायलंय."

"गरम पाण्यानं भांडं धुतल्यावर नासतंय कशाला, ताई?"

"बघू. लय दमलाव तुमी. हातपाय धुवून घ्या, धपाटे (ज्वारीची तिखट थालीपिठं) टाकते."

हातपाय धुवा म्हणजे हातपायच धुवायचे असतात. मी टाकीचा नळ सोडला, वाफ पाहिली आणि आपल्याच मालावर भाळलो. पहिली बादली अंगाला, दुसरी पाठीला, तिसरी मळक्या शर्टाला. पुढच्या बादल्यांना कारण सुचेना, म्हणून त्या 'चाचणी'खाती टाकल्या.

दही-धपाट्यांनी डोळे जड झाले होते, तोच हाक आली.

"ओ साहेब! पाणी गारढोण हाय की!"

टँकर दुपारीच दूध घेऊन गेला होता. मशीनचं रिकामं मोठं भांडं संध्याकाळच्या दुधाआधी धुवायचं होतं, आणि सकाळच्या दुधानं तापवलेलं पाणी माझ्या पाठीवरून मोरीत गेलं होतं.

"आता दूध आलं की पाणी तापेल," मी पुटपुटलो.

"आन् दूध घेऊ कशात? बिनधुतल्या भांड्यात?"

पहिला कॅन घेऊन आलेल्या किशनमामांनी मला वरून खाली न्याहाळलं. "एकल्या माणसानं टाकी संपवली? मळ तरी केवढा म्हणावा!"

रांग हसली. मंगलताई हसल्या नाहीत. कॅनमधलं कोमट दूध ताटकळत होतं. त्यांनी पूर्वीसारखं चुलीवर पातेलं चढवलं, खाली पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) कोंबल्या आणि फुंकणी माझ्या हातात दिली. जी चूल बंद करायला मी आलो होतो, ती धूर गिळत, डोळे पुसत मीच फुंकली. पाणी उकळल्यावर त्यांनी भांडं घासलं, आत डोकं घालून वास घेतला आणि मगच म्हणाल्या, "आणा, मामा."

दूध टिकतंय का ते पाहायला मुक्काम वाढवावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी टँकरवाल्यानं दूध हुंगलं, तपासलं, पाइप जोडला. मंगलताईंनी पदरानं तोंड पुसलं, टाकीचा नळ सोडून पाहिला; पाणी पुन्हा चांगलं तापलं होतं.

"ऱ्हाऊ द्या टाकी," त्या म्हणाल्या. "पर नळाला कुलूप लावून द्या."

परतीच्या गाडीत उभ्यानंच डुलक्या खाताना आमचं जाहिरातीचं वाक्य आठवलं: फुकटचं गरम पाणी. फुकटचं कसलं? त्याची कुणीतरी वाट पाहत असतं.

घरी पोचलो. बायको म्हणाली, "धुराचा वास येतोय. पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या."

बादलीला हात लावण्याआधी मी विचारलं, "मागून कुणाला लागणार आहे का?"