कार्मिन ताठ बसली

एक काळ असा होता, की वळणापलीकडून बुलेटचा आवाज आला की केळीच्या बागेतली माणसं हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघायची. मग नायकाने विंगेतून यावं तसा एरॉल तुस्कानो यायचा. गाडी झुकलेली, गुडघे टाकीला चिकटलेले, कोपरं सैल आणि हनुवटी पुढच्या रस्त्याकडे. गावातल्या निम्म्या पोरांना वळण घ्यायला त्यानेच शिकवलं. "खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यातच जाशील. जायचंय तिथे बघ, गाडी मागून येते. आणि ब्रेक वळणाच्या आधी! आत शिरून ब्रेक मारणारा लंगडत घरी येतो."

लग्नानंतरच्या पहिल्या फेरीत कार्मिन भीतीने काठीसारखी बसली होती. "अगं, पोतं आहेस का? मी डावीकडे वळलो की माझ्या डाव्या खांद्यावरून बघ. बाकी काही करू नकोस." शाळेत मुलांना शिकवणारी कार्मिन हा धडा मुकाट्याने शिकली. पुढे दोघं एका अंगाने झुकू लागले. तो कुणाशी भांडून आलाय, हेसुद्धा तिला त्याच्या पाठीवरून कळायचं.

या हिवाळ्यात ती पाठ बदलली. डाव्या वळणावर एरॉलची हनुवटी पार खांद्याला टेकायची आणि गाडी उशिरा, हिसके देत झुकायची. वय झालं, असं कार्मिनने मनाला समजावलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून दोघं फुलपाड्याला मुलीकडे, प्रिन्सीकडे निघाले. वाटेत डावीकडून एक स्कूटरवाली अगदी चाटून गेली.

"कुठून टपकली ही बया?" एरॉल ओरडला.

कार्मिन तिला केव्हापासून बघत होती. प्रिन्सीकडे जेवताना कार्मिन एरॉलकडेच बघत होती. तेवढ्यात एरॉलने छोट्या नातीला कबूल करून टाकलं, "पुढच्या रविवारी तुला टाकीवर बसवून समुद्रापर्यंत नेतो."

परतताना मिठागरांजवळचं डावं वळण आलं. एरॉलने वेग कमी केला, मान वळवली. त्याला एकट्याला वळता येतं का ते बघायला कार्मिन मुद्दाम ताठ बसली. गाडी आत वळलीच नाही. करकचून ब्रेक लागला आणि रस्त्याकडेच्या खडीवर एरॉलने कसाबसा पाय टेकला.

"झोपलीस का? झुकली का नाहीस?"

"डावीकडे काय आहे, सांग. मान न वळवता."

"कार्मिन, इथे नाटकं नकोत."

"सांग ना."

तो समोर बघत राहिला. डावीकडे, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, लाल टेम्पो उभा होता.

"डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही," तो हळूच म्हणाला. "नाताळच्या आधीच म्हणाला."

"आणि तरी मला मागे बसवून फिरवलंस?"

"तू होतीस म्हणून तर फिरलो. रस्ता तुला तोंडपाठ. वळण आलं की तुझं अंग आधी झुकायचं, मग मी वळायचो."

कार्मिन गाडीवरून खाली उतरली. म्हणजे हा सारा हिवाळा गाडी तीच चालवत होती, आणि तिला पत्ताच नव्हता. तिने हात पुढे केला.

"चावी."

"घरापर्यंत तरी..."

"नाही, एरॉल."

त्याने गाडी बंद केली. चावी तिच्या हातावर ठेवताना त्याची बोटं उगाच रेंगाळली. मग त्याने हँडल धरलं, तिने मागून जोर लावला. घर अजून बरंच लांब होतं.

वाटेत मोटरसायकलवरून जॉयल आला. एरॉलच्याच हाताखाली शिकलेला.

"काय अंकल, बुलेटला चालायला नेताय? पेट्रोल संपलं का?"

एरॉलने क्षणभर कार्मिनकडे बघितलं.

"हो रे. संपलं."

"थांबा, आत्ता आणून देतो."

"नको," कार्मिन म्हणाली. "जवळच आहे आता. तू जा."

जॉयल पुढच्या वळणावर छान झुकून दिसेनासा झाला. एरॉल आवाजाच्या दिशेने बघत राहिला. कार्मिनने पुन्हा मागून जोर लावला.